मंत्रचळ आणि ‘पुरे’ : कृष्णपुऱ्याच्या नदीकाठावरून एका उपचाराचा इतिहास

इंदूरच्या राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, कान्ह नदीच्या काठी, होळकर घराण्यातील व्यक्तींच्या दगडी छत्र्या उभ्या आहेत आणि कृष्णपुरा हे नाव आज बहुतेकांना त्या छत्र्यांमुळेच ठाऊक असते. पहिल्या यशवंतराव होळकरांच्या परिवारातील कृष्णाबाई, ज्यांना केसरबाई असेही म्हणत आणि ज्यांचे देहावसान 1849 मध्ये झाले, त्यांच्यावरून या वस्तीला हे नाव मिळाले. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकर राज्याची राजधानी झाली, तेव्हा दरबाराच्या आधाराने कारकून, शास्त्री, पुजारी आणि शिलेदार अशी मराठी कुटुंबे राजवाड्याच्या आसपास स्थिरावली आणि त्यांनी आपल्याबरोबर मराठी घराची सगळी आचारव्यवस्था माळव्यात आणली. कृष्णपुऱ्यातले दत्तमंदिर याच व्यवस्थेतले एक ठिकाण होय. दत्तसंप्रदायाचा प्रमाणग्रंथ असलेल्या ‘गुरुचरित्रा’च्या छत्तिसाव्या अध्यायात सरस्वती गंगाधराने दिनचर्या, शौच, स्नान आणि संध्या यांचे नियम तपशिलाने दिले आहेत, आणि त्या ग्रंथाच्या सप्ताहात वाचकाने पाळावयाचे सोवळे आजही मराठी घरांत कसोशीने पाळले जाते.

शुद्धीच्या या जुन्या आचाराचा ज्या आधुनिक उपचाराशी संबंध जोडणे येथे अभिप्रेत आहे, त्याला ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ असे नाव आहे. मराठीत त्याचा अर्थ असा सांगता येईल : ज्या गोष्टीची भीती वाटते तिला ठरवून, पायरीपायरीने सामोरे जायचे आणि भीती घालवण्यासाठी जी कृती मन वारंवार करायला लावते ती त्या वेळी करायची नाही. ज्या विकारासाठी तो प्रामुख्याने वापरला जातो त्याला मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत कल्पना-क्रिया अनिवार्यता विकृती म्हणतात, तर बोलण्यात त्याला ओसीडी हे नाव रुळले आहे. त्यात नको असलेला विचार किंवा शंका पुन्हा पुन्हा मनात घुसते, तिने अस्वस्थता वाढते आणि ती शमवण्यासाठी धुणे, तपासणे, मोजणे, पुटपुटणे यांपैकी एखादी कृती इतक्या वेळा होते की दिवसाचे तासच्या तास तिच्यात जातात. हे निरर्थक आहे हे रुग्णाला बहुधा कळत असते, आणि तरीही त्याला थांबता येत नाही.

मराठी भाषेजवळ या विकारासाठी डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून स्वतःचा शब्द होता, आणि तो म्हणजे मंत्रचळ. चळ म्हणजे जागेवरून सरकणे, बुद्धीचा तोल जाणे. मंत्राच्या जपात चूक झाली किंवा त्याचा अतिरेक झाला की माणसाला चळ लागतो, अशा समजुतीतून हा शब्द बनला आणि पुढे त्याचा अर्थ पसरत जाऊन, हात धुऊन न संपणारा, कडी लावली की नाही हे पुन्हा पुन्हा पाहणारा, विटाळाच्या शंकेने पछाडलेला माणूस मंत्रचळा ठरला. बंगालीत याच अवस्थेला ‘शुचिबाई’ म्हणतात. त्यातला ‘बाई’ हा वायूचा अपभ्रंश असून शुद्धतेचा वायू डोक्यात शिरला असा त्या शब्दाचा भाव आहे. कोलकात्याच्या मनोविकारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती यांनी बॅनर्जी यांच्यासह 1975 मध्ये त्याच्यावर शास्त्रीय लेखही लिहिला. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी बोट ठेवावे याला महत्त्व आहे, कारण त्यावरून असे दिसते की आचारनिष्ठ समाजालाही आचार आणि आजार यांतला फरक कळत होता. म्हणूनच सोवळे आणि मंत्रचळ हे दोन शब्द भाषेने वेगळे ठेवले.

हा फरक नेमका कशात आहे हे पाहण्यासाठी सोवळ्याची रचना जवळून पाहावी लागते. मराठी घरातले सोवळे म्हणजे स्नानानंतर नेसायचा धुतलेला कद, मुकटा किंवा धाबळी, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीने उंच वलणीवर वाळत घातलेले वस्त्र, पारोशाने स्वयंपाकघरात पाऊल न टाकण्याचा दंडक, खरकटे आणि उष्टे यांचे वेगवेगळे नियम, आणि पळी-पंचपात्रातल्या पाण्याचे आचमन. बाहेरून पाहणाऱ्याला हा नियमांचा कधी न संपणारा गुंता वाटतो. परंतु ज्या धर्मशास्त्रावर तो उभा आहे ते उघडून पाहिले तर प्रत्येक नियमाला शेवट दिलेला आढळतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचानंतर कोणत्या अवयवाला किती वेळा माती लावावी याचे आकडे आहेत, त्यात डाव्या हाताला दहा वेळा आणि दोन्ही हातांना मिळून सात वेळा असे सांगितले आहे. गृहस्थाच्या दुप्पट ब्रह्मचाऱ्याने, तिप्पट वानप्रस्थाने आणि चौपट यतीने करावे, असे पुढे म्हटले आहे. संख्या वाढते, पण ती संख्याच राहते. आचमन तीन वेळा करायचे असते आणि चौथ्याची गरज नसते. एखाद्या वस्तूला घाण लागली तर तिचा वास आणि लेप जाईपर्यंतच माती-पाणी वापरावे, असाही स्पष्ट दंडक तेथे आहे, म्हणजे धुणे कधी थांबवायचे ते नाकाने आणि डोळ्याने ठरवायचे असते, मनातल्या शंकेने नव्हे.

त्याच अध्यायात आणखी एक वचन आहे आणि मंत्रचळाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. त्यानुसार देवांनी तीन गोष्टी शुद्ध ठरवल्या आहेत : जिचा दोष दिसलेला नाही ती, पाण्याने धुतलेली ती, आणि जिला वाणीने शुद्ध म्हटले आहे ती. पहिल्या अटीने कल्पित विटाळाचा प्रश्नच निकालात निघतो, कारण जे पाहिले नाही त्याचा दोष लागत नाही. कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो आणि बाजारात मांडलेला माल शुद्ध असतो, असेही तेथे म्हटले आहे, आणि या सवलतीशिवाय राजवाड्याभोवतीच्या बाजारात एकाही सोवळ्या घराचा व्यवहार चालला नसता. माशी, धूळ, वारा, सूर्यकिरण यांचा स्पर्श शुद्धच मानला आहे. तीर्थयात्रा, विवाह, लढाई, आग किंवा राज्यातील उलथापालथ अशा प्रसंगी स्पर्शास्पर्शाचा दोष नाही, असे स्मृतिवचन आहे. संत एकनाथांच्या चरित्रातील सर्वपरिचित कथेत गोदावरीतून स्नान करून येताना अंगावर वारंवार थुंकले गेल्यावर ते शांतपणे 108 वेळा पुन्हा स्नानाला जातात, आणि तरीही कोणी त्यांना मंत्रचळे म्हणत नाही. धुण्याची संख्या कितीही मोठी असली तरी ज्याला प्रत्येक वेळी प्रत्यक्ष कारण आहे आणि कारण संपताच जो थांबू शकतो, तो निरोगी असतो. मंत्रचळ्याजवळ हा ‘पुरे’ नसतो. त्याच्या हाताला वास नसतो, लेप नसतो, शास्त्राने सांगितलेली संख्या केव्हाच ओलांडलेली असते, आणि तरी मन कबूल करत नाही.

शुद्धीचा हा आचार निरपराध होता असा याचा अर्थ नाही. याच विटाळाच्या कल्पनेने माणसांच्या मोठ्या समूहांना पाणवठ्यापासून दूर ठेवले, विधवांना आणि रजस्वलांना घरातच कोंडले. इंदूरजवळच्या महू येथे 1891 मध्ये जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले. ते कृत्य म्हणजे आजार नव्हता, ती सत्ता होती. जातीच्या विटाळाला मनोविकार म्हटले तर अन्याय करणाऱ्याची जबाबदारी हलकी होते आणि खऱ्या रुग्णावर नसलेला दोष येतो, म्हणून या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे भाग आहे. मात्र रुग्णाच्या शंका समाजात उपलब्ध असलेल्या भीतीतूनच आकार घेतात, हेही तितकेच खरे आहे. चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेतील सलमान अख्तर, नरेंद्र विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये 82 रुग्णांच्या लक्षणांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात घाण आणि संसर्ग हाच विषय सर्वाधिक आढळला होता.

अशा रुग्णासाठी वैद्यकाकडे दीर्घकाळ काहीही नव्हते. इंदुरात 1878 मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, पुढे ती किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखली गेली आणि 1948 मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. शहराच्या बाणगंगा भागात मानसिक रुग्णालयही आहे. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानातला 1912 चा लुनॅसी कायदा आणि त्याच्या सावलीत वाढलेली वेड्यांची इस्पितळे ज्यांच्यासाठी होती ते वेगळे लोक होते. मंत्रचळा माणूस कचेरीत जात होता, हिशेब लिहीत होता, घरातली बाई चार जणांचा स्वयंपाक करून पुन्हा विहिरीवर हात धुवायला जात होती. तिला वेडी म्हणता येत नव्हते आणि बरी म्हणता येत नव्हते. ‘तिचे सोवळे फार कडक’ एवढे म्हणून घर तिच्याभोवती आपली दिनचर्या वाकवून घेत असे, आणि तिच्या यातनेला मिळालेला हा आदर हाच तिच्या उपचाराच्या आड येणारा सर्वांत मोठा अडथळा होता.

युरोपातही चित्र फार निराळे नव्हते. फ्रेंच वैद्य एस्किरॉल याने 1838 च्या आपल्या ग्रंथात हिशेबनीस असलेल्या एका स्त्रीची हकीकत नोंदवली आहे. नाणी हाताळताना एखादी मोलाची वस्तू आपल्या बोटांना चिकटून राहील या भयाने ती हात चोळत बसे, आणि आपली भीती हास्यास्पद आहे हे स्वतःच सांगे. पिएर जाने याने 1903 मध्ये अशा रुग्णांचे विस्तृत वर्णन केले. सिग्मंड फ्रॉइड याने 1907 मध्ये अनिवार्य कृती आणि धर्मविधी यांची तुलना केली व धर्मविधी सर्वांचा असतो तर रुग्णाचा विधी त्याच्या एकट्याचा असतो हा फरकही सांगितला. ती तुलना प्रसिद्ध झाली, पण विधीला ठरलेला शेवट असतो आणि रोगाला नसतो, हा उपचाराच्या कामाचा फरक तिच्यात अस्फुट राहिला. तरीही 1918 मध्ये बुडापेस्ट येथे फ्रॉइडनेच मान्य केले की रस्त्यावर जाण्यास घाबरणाऱ्या रुग्णाला केवळ बोलून बरे करता येत नाही, त्याला रस्त्यावर जायला लावावे लागते.

भीतीला सामोरे जाऊनच ती जाते, हा अनुभव मात्र कोणा एका देशाचा नाही. गटे या जर्मन कवीने तरुणपणी स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलच्या उंच मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढून उंचीची भीती घालवल्याचे आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याहून कितीतरी जुना पुरावा पाली वाङ्मयात, मज्झिमनिकायातल्या ‘भयभेरव’ सुत्तात आहे. तेथे बुद्ध सांगतात की बोधीपूर्वी ते मुद्दाम भयाण वनांत आणि स्थानांत रात्री राहात असत, आणि चालत असताना भय आले तर ते ओसरेपर्यंत उभे राहात नसत, बसत नसत, निजत नसत, चालतच राहात. जेथे भय आले तेथेच, त्याच स्थितीत, पळवाट न काढता ते विरेपर्यंत थांबायचे, हे सूत्र आजच्या उपचारपुस्तिकेत जसेच्या तसे घालता येईल. हे साम्य आधुनिक मानसशास्त्राच्या लक्षात आणून देणाऱ्यांत लंडनमध्ये काम केलेले श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा हे प्रमुख होते. एस. रॅचमन यांच्यासह 1978 मध्ये त्यांनी असेही दाखवून दिले की विचित्र, नकोसे विचार निरोगी माणसांच्या मनातही येतातच. रुग्णाचा विचार वेगळा नसतो, त्या विचाराला तो जे उत्तर देतो ते वेगळे असते.

विसाव्या शतकातला मार्ग प्रयोगशाळेतून गेला. मेरी कव्हर जोन्स हिने 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाजवळ, तो खात असताना, ससा हळूहळू जवळ आणून त्याची भीती कमी केली. रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत, विजेचा धक्का टाळण्यासाठी उडी मारायला शिकलेले कुत्रे धक्का कायमचा बंद झाल्यावरही उड्या मारतच राहिले. कारण उघड होते : उडी मारल्यामुळे, न मारता काय होते हे कळण्याची संधीच त्यांना मिळत नव्हती. हात धुणाऱ्या माणसाचीही हीच कोंडी असते. दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी 1958 च्या ग्रंथात भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करून, शरीर सैल सोडलेल्या अवस्थेत एकेका प्रसंगाची कल्पना करण्याची पद्धत मांडली. साध्या भीतींना ती लागू पडली, पण मंत्रचळाला ती पुरी पडली नाही.

निर्णायक पाऊल लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये टाकले. अन्य उपाय करून थकलेल्या अवघ्या दोन रुग्णांवरचा त्यांचा लेख होता. त्यांपैकी धुण्याने ग्रासलेल्या स्त्रीला रुग्णालयात ठेवून, परिचारिकांच्या सततच्या देखरेखीखाली तिच्या खोलीतले पाणी बंद करण्यात आले आणि ज्या वस्तूंना ती स्पर्श करत नसे त्यांना क्रमाने स्पर्श करवण्यात आला. पूर्वीच्या उपचारकांनी भीतीला हात घातला होता, मायर यांनी धुण्याला घातला, आणि उडी रोखल्यावर कुत्र्याला जे कळते ते त्या स्त्रीला कळले : काहीही न करताही अस्वस्थता चढते, टिकते आणि उतरते. 1974 मध्ये मायर आणि सहकाऱ्यांनी 15 रुग्णांचा वृत्तान्त दिला, त्यांपैकी 10 जणांत मोठी सुधारणा होती. ज्या विकाराला दोन पिढ्या जवळजवळ असाध्य मानत होत्या, त्याच्याबाबत हा आकडा थक्क करणारा होता. पुढे लंडनमध्ये रॅचमन, हॉजसन आणि आयझॅक मार्क्स यांनी, तर अमेरिकेत एडना फोआ यांनी ही पद्धत बाह्यरुग्णांसाठी घडवली. देखरेख आणि बंद नळ मागे पडले, रुग्णाची संमती आणि त्याने स्वतः उचललेले पाऊल हा उपचाराचा पाया झाला. फोआ आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या 122 रुग्णांच्या चाचणीत या उपचाराने 62 टक्के, क्लोमिप्रामिन या औषधाने 42 टक्के, दोन्ही मिळून 70 टक्के आणि नुसत्या दिखाऊ गोळीने 8 टक्के रुग्णांना गुण आला.

मायर यांचा लेख ज्या वर्षी आला त्याच 1966 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया यांनी विनेकर आणि दूनगाजी यांच्यासह ब्रिटनच्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात पतंजलीच्या योगविचारावर आधारलेल्या उपचाराविषयी लेख प्रसिद्ध केला. तो मार्ग वेगळा होता, पण सवयीने जखडलेले मन सवयीनेच सोडवता येते ही त्यामागची दृष्टी मायर यांच्यापासून फार दूर नव्हती. मराठी वाचकाला कृतीने भीती मोडण्याची ओळख अधिक झाली ती मात्र अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून. एलिस यांनी एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात ठरवून अनोळखी स्त्रियांशी बोलत स्वतःची भीड चेपली होती. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती पद्धत महाराष्ट्रात रुजवली आणि ठाण्यात 1990 मध्ये स्थापन झालेल्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत नेली. मंत्रचळासाठीचा नेमका उपचार शिकवण्याचे आणि वापरण्याचे मोठे काम बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत झाले. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या बरोबरीने या उपचारालाही पहिल्या फळीचे स्थान आहे. मध्य प्रदेशाचाही समावेश असलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या विकाराचे प्रमाण सुमारे 0.8 टक्के आढळले. प्रमाण लहान दिसले तरी इंदूरएवढ्या शहरात ती हजारो घरे होतात, आणि हा उपचार करू शकणारे प्रशिक्षित हात त्यांच्या मानाने फारच थोडे आहेत. ही उणीव दुःखद आहे, कारण इलाज सापडून अर्धे शतक उलटले आहे.

मराठी घरात हा उपचार करताना सोवळ्याशी भांडण काढावे लागत नाही. श्रद्धावान रुग्णाच्या बाबतीत उपचारक जगभर धर्मज्ञांना विचारून सामान्य मर्यादा ठरवून घेतात, आणि येथे ती मर्यादा शास्त्रातच लिहिलेली आहे : आचमन तीनदा, स्नान एकदा, न पाहिलेल्याचा दोष नाही. अडचण येते ती वर सांगितलेल्या तिसऱ्या अटीत. वाणीने शुद्ध म्हटले की शुद्ध, हे निरोगी माणसाला पुरते. मंत्रचळ्याला मात्र तीच वाणी पुन्हा पुन्हा ऐकावी लागते, दर वेळी तिचा दिलासा आधीपेक्षा कमी टिकतो, आणि ‘झाले रे, स्वच्छ आहेस’ असे दिवसातून पन्नास वेळा सांगणारी आई नकळत धुण्याचाच एक भाग होऊन बसते. म्हणून उपचारात घरच्यांनाही शिकवले जाते की असे विचारल्यावर प्रेमाने वागायचे, पण उत्तर द्यायचे नाही.

कृष्णपुऱ्यात राहणाऱ्या आणि नदीच्या घाणीने आपण बाटलो या शंकेने ग्रासलेल्या माणसासाठी भीतीची शिडी बांधायची झाली, तर ती काहीशी अशी होईल. कान्ह नदीत शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. 2017 पासून स्वच्छतेसाठी वारंवार पहिल्या आलेल्या शहरालाही ती नदी निर्मळ करण्यासाठी झगडावे लागत आहे. त्यामुळे त्या पाण्यात हात घालण्याची अट कोणी घालणार नाही, कारण इतर शहाणा माणूस जे करत नाही ते रुग्णाकडून करवून घेण्याचे कारण नसते. पहिल्या पायरीवर छत्र्यांचे छायाचित्र पाहायचे आणि उठून हात धुवायचे नाहीत. मग कृष्णपुऱ्याच्या पुलावरून एकदा चालत जायचे, पुढच्या आठवड्यात कठड्यावर तळहात टेकवून उभे राहायचे आणि अस्वस्थतेला शून्य ते शंभर यांपैकी एक आकडा देत ती उतरेपर्यंत तेथून हलायचे नाही, नंतर त्याच हाताने खिशातला रुमाल काढून तोंड पुसायचे. शेवटच्या पायरीवर तोच माणूस छत्रीच्या दगडी पायरीवर तासभर बसतो, घरी येतो, चारचौघांसारखे हातपाय एकदा धुतो आणि पानावर बसतो. वाढणाऱ्या आईने त्या वेळी फक्त वाढायचे असते.